चूक त्याची असली तरी रस्ता तुम्ही सोडा

वाचकाचं पत्र :

सप्रेम नमस्कार. मी प्रियोळला राहते आणि पणजीला एका खासगी कार्यालयात नोकरी करते. रोज स्कूटरनेच जा-ये असते. माझ्याकडे लायसन्स आहे, हेल्मेट घालते, सिग्नल तोडत नाही. गेल्या महिन्यात कुंडईच्या उतारावर, एका वळणाला, भाड्याची जीप बसला ओव्हरटेक करत सरळ माझ्या अंगावर आली. मी माझ्या बाजूने, चाळीसच्या वेगाने जात होते. हॉर्न दाबून धरला, तरी ती मागे हटली नाही. शेवटच्या क्षणी मी मातीत उतरले म्हणून वाचले. त्यानंतर आठवडाभराने एक कारवाला मागून अगदी चिकटून हॉर्न मारत राहिला. मला राग आला आणि मी मुद्दाम ब्रेक दाबला. त्याने पुढे येऊन गाडी आडवी घातली आणि नको ते बोलला. आता स्कूटर काढायची म्हटलं की हात घामेजतात. संध्याकाळी हायवेवरून उजवीकडे आमच्या वाड्याकडे वळताना तर जीव मुठीत असतो. नवरा म्हणतो, भिऊन कसं चालेल, सगळ्यांबरोबर पळव. सासूबाई म्हणतात, सोड ती नोकरी. आठ वर्षांच्या मुलाला सकाळी शाळेत मीच सोडते, कधी घाईत तो पुढे उभा राहतो. बाहेरून येणाऱ्या या गाड्यांनी आमचे रस्ते वाट्टेल तसे करून टाकले आहेत. मी सगळे नियम पाळते, मग चूक दुसऱ्याची असताना मी का घाबरायचं? आणि यातून वाचायचं तरी कसं?

— प्रियोळची एक वाचक

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट वाचून मला बरं वाटलं. तुम्ही मातीत उतरलात. त्या क्षणी तुम्ही बरोबर निर्णय घेतलात, आणि माझ्या मते उत्तरातला मोठा भाग त्यातच आहे. फक्त तो निर्णय दोन-तीन सेकंद आधी व्हायला हवा होता. तो आधी कसा होईल, हेच सांगण्याचा प्रयत्न करतो.

आधी त्या जीपचं गणित पाहू. तुम्ही चाळीसने जात होतात. बसला मागे टाकणारी जीप ऐंशीच्या आसपास असणार. म्हणजे तुमच्यातलं अंतर ताशी १२० किलोमीटरने कमी होत होतं, सेकंदाला जवळजवळ ३३ मीटर. वळणावर ती शंभर मीटरवर दिसली असं धरलं, तर हातात सगळे मिळून तीन सेकंद. माणसाला धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. उरला दीड सेकंद. तो हॉर्न दाबण्यात घालवला तर हातात काहीच राहत नाही. हॉर्न वाजवू नका असं मी म्हणत नाही, पण हॉर्न हे ब्रेकनंतरचं काम आहे. समोर कुणी चुकीच्या बाजूला दिसला की पहिली हालचाल वेग उतरवायची, दुसरी डावीकडे सरकायची, आणि एखादं बोट मोकळं असलंच तर मग हॉर्न.

तो मागे का हटला नाही, हेही समजून घ्या. एकदा गाडी बसच्या अंगाला अंग लावून धावू लागली की परत मागे येणं वाटतं तितकं सोपं नसतं. मागे ती जागा दुसऱ्या गाडीने भरलेली असते, बसवाला वेग कमी करत नाही, आणि ड्रायव्हरला ‘आता निघूनच जाऊ’ असंच वाटतं. दुसरं म्हणजे, समोरून ट्रक आला असता तर तो कदाचित थांबला असता. दुचाकी लहान दिसते, म्हणून ती आहे त्यापेक्षा लांब आणि हळू वाटते. २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही लागलेलाच राहतो, तो याचसाठी. तुमची स्कूटर त्याआधीची असेल तर दिवा दिवसाही चालू ठेवा, पावसात तर नक्कीच. पण दिवा लागला म्हणजे समोरच्याने आपल्याला पाहिलं, असं समजू नका. आपण त्याला दिसलोच नाही असं धरून चालवायचं. दिसलो असलो तर चांगलंच.

नियम पाळता ते उत्तमच करता, पाळत राहा. पण नियम ठरवतात की चूक कुणाची. ते नंतर, पंचनाम्यात. धडक व्हायच्या आधी कामाला येते ती मोकळी जागा. पुढे किती, डावीकडे किती, मागे किती. बेफाम चालवणाऱ्याच्या डोक्यात काय आहे ते तुम्हाला कळणार नाही आणि तुम्ही त्याला सुधारूही शकणार नाही. तुमच्या हातात आहे तुमच्याभोवतीची ही जागा. ती राखायची, आणि वेळ आली की हक्काची बाजूसुद्धा सोडून द्यायची.

पुढच्या जागेपासून सुरुवात करू. समोरची गाडी एखाद्या खांबापाशी किंवा झाडापाशी पोचली की मनात मोजायला लागा, आणि तीन सेकंद होण्याआधी तुम्ही त्या खांबापाशी पोचलात तर तुम्ही फार जवळ आहात. पावसात चार-पाच सेकंद ठेवा. साठच्या वेगाने जाणाऱ्या माणसाला कोरड्या डांबरावर, हात ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर धरून, पूर्ण थांबायला साधारण ४५ मीटर लागतात. चाळीसच्या वेगाला २५ ते २७ मीटर. ओल्या रस्त्यावर दोन्ही आकडे बरेच वाढतात. मृगाच्या पहिल्या सरींना तर महिनोन्‌महिने साचलेलं तेल आणि धूळ वर येते, तेव्हा डांबर सगळ्यात जास्त घसरतं. आणि साठने आदळणं हे चाळीसने आदळण्यापेक्षा दीडपट जोराचं नसतं, सव्वादोन पट असतं. नवरोबांना हे जरूर दाखवा. ‘सगळ्यांबरोबर पळव’ हा सल्ला प्रेमापोटी असला तरी चुकीचा आहे. प्रियोळहून पणजी वीस-बावीस किलोमीटर. सरासरी चाळीसऐवजी पन्नास धरली तर कागदावर सहा-सात मिनिटं वाचतात. प्रत्यक्षात भोमच्या अरुंद भागात किंवा बाणस्तारीच्या पुलाजवळ ती मिनिटं पुढच्या ट्रकमागे संपूनही जातात.

आता हाताने करून बघायची गोष्ट. तुमच्यासारख्या बऱ्याच जणी, आणि पुरुषही, फक्त डाव्या हाताचा, म्हणजे मागचा, ब्रेक वापरतात. पुढचा ब्रेक दाबला की आपण डोक्यावरून पडू अशी भीती लहानपणापासून मनात बसलेली असते. खरं तर गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचं चाकच करतं, कारण ब्रेक लागताच सगळं वजन पुढे येतं. २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या स्कूटरमध्ये डावा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, अशी सोय सक्तीची आहे. तरीही पूर्ण ताकद मिळते ती दोन्ही हातांनी दाबल्यावरच. रविवारी सकाळी फर्मागुडीला एखादं रिकामं मैदान बघा. तीसच्या वेगाने सरळ जा, हँडल सरळ ठेवा आणि दोन्ही ब्रेक एकदम हिसक्याने न दाबता, आधी हलके आणि मग घट्ट, असे आवळा. दहा-पंधरा वेळा करा. मग चाळीसला. स्कूटर कुठे थांबते आणि मागचं चाक कधी घसरायला लागतं, ते अंगाला कळेल. हात घामेजणं कमी होण्यासाठी माझ्या माहितीत याहून चांगला उपाय नाही. ज्याला आपली गाडी कुठे थांबेल ते ठाऊक असतं, त्याच्या भीतीचा अर्धा भाग तिथेच उतरतो. वळत असताना मात्र पुढचा ब्रेक जोरात लावायचा नाही. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी.

मातीत उतरण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हे कुणी शिकवत नाही. आपल्याकडे डांबराची कड आणि बाजूची लाल माती यांत बऱ्याच ठिकाणी चार-सहा बोटांचा उतार असतो, पावसाळ्यात त्याहून जास्त. ब्रेक आवळलेलाच ठेवून तिरकस उतरलात तर पुढचं चाक कडेला अडखळतं आणि माणूस पडतो, तोही रस्त्याच्या बाजूला. म्हणून क्रम असा : डांबरावर असतानाच दोन्ही ब्रेकनी वेग उतरवायचा, मग पुढचा ब्रेक सोडून, हँडल घट्ट आणि सरळ ठेवून खाली जायचं आणि खाली मागच्या ब्रेकने थांबायचं. आणि उतरलात की लगेच परत वर चढायची घाई करू नका. कडेला समांतर राहून चढायला गेलं की चाक कडेला घासत राहतं आणि झटका बसतो. पूर्ण थांबा, मागे बघा, मग हँडल जास्त वळवून हळू चढा. तुमच्या रोजच्या रस्त्यावर कुठे डावीकडे उतरता येतं आणि कुठे गटार किंवा भिंत आहे, हे एकदा सुट्टीच्या दिवशी मागे बसून नीट बघून ठेवा. जिथे उतरायला जागा नाही, तिथे वेग आधीच कमी.

वळणांवर आणखी एक गोष्ट. आपल्या बाजूच्या मधोमध न जाता जरा डावीकडे राहायचं, कारण आत येणारा नेहमी मधल्या रेषेवरून येतो. दोनपदरी अरुंद रस्त्यावर जेवढा रस्ता दिसतो त्याच्या निम्म्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवायचा. निम्म्यात, कारण उरलेला निम्मा समोरचा खातो.

रोजच्या रस्त्यावर खासगी बस तुम्हाला नेहमीच भेटत असणार. स्टॉपवर माणसं दिसली की ती काहीही न सांगता डावीकडे येते आणि निघताना तशीच उजवीकडे झेपावते. कंडक्टर दारात लटकून ‘पणजी, पणजी’ ओरडत असला की बस थांबणार असं समजाच. बसच्या डावीकडून जायचं नाही, कितीही उशीर झाला असला तरी. थांबलेल्या बससमोरून शाळेची मुलं पटकन रस्ता ओलांडतात, ती बसच्या नाकापुढून निघेपर्यंत दिसतच नाहीत. ट्रकच्या बाबतीत, कुंडई आणि खोर्लीच्या औद्योगिक वसाहतींमुळे ते या रस्त्यावर सतत असतात, एवढं लक्षात ठेवा : तुम्हाला त्याचा आरसा दिसत नसेल तर त्याला तुम्ही दिसत नाही. अशा जागी रेंगाळू नका. एकतर मागे राहा किंवा पूर्ण पुढे जा.

उभ्या गाड्यांजवळून जाताना दाराच्या रुंदीएवढी जागा सोडा. आत कुणी बसलेलं दिसतंय का ते बघा, आणि ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे बघत बसण्यापेक्षा त्याच्या पुढच्या चाकाकडे बघा. माणूस तुमच्याकडे बघूनही गाडी बाहेर काढतो. चाक हलायला लागलं की मात्र शंका उरत नाही. आडरस्त्याच्या तोंडाशी थांबलेल्या गाडीबाबतही हेच करायचं. बोटं ब्रेकवर, नजर त्याच्या चाकावर.

‘बाहेरून येणाऱ्या गाड्या’ याबद्दल थोडं स्पष्ट लिहितो. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली भाड्याची गाडी दिसली की सावध व्हा, हे खरंच. त्या ड्रायव्हरला रस्ता माहीत नसतो, नकाशा मोबाइलवर असतो, आणि मंगेशीचा फलक दिसला की तो जागच्या जागी ब्रेक मारतो. म्हणून त्याच्या मागे अंतर जास्त ठेवायचं. पण बेफामपणा पाटीच्या रंगावर अवलंबून नाही. आपल्याच गावातली पोरं म्हार्दोळच्या जत्रेहून तिघं एका बाइकवर येतात. आपलाच शेजारी दोन पेग मारून ‘इतकंच तर जायचंय’ म्हणत निघतो. कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू असली की गाडी चालवणं गुन्हा आहे, आणि ती मर्यादा एखाद्या-दुसऱ्या पेगातच ओलांडली जाऊ शकते. फक्त बाहेरच्याकडेच बघत राहिलं तर आपला माणूस कधी अंगावर येतो ते कळत नाही.

असा चालक लांबूनच ओळखता येतो. दोन-तीन गाड्या पुढे बघायची सवय लावा, फक्त समोरच्या गाडीच्या दिव्यांकडे नको. लेनमध्ये डावीकडे-उजवीकडे हेलकावणारी, विनाकारण वेग कमी-जास्त करणारी, अंधारात दिवे न लावता चाललेली गाडी दिसली तर तो मोबाइलवर आहे, झोपेत आहे किंवा प्यायलेला आहे. कारण शोधू नका, अंतर वाढवा. आरशात दर काही सेकंदांनी नजर टाका. मागून नागमोडी येणारा दिवा दिसला तर तो पोचायच्या आधीच डावीकडे व्हा. शुक्रवार-शनिवारची रात्र आणि रविवारची पहाट या वेळा टाळता आल्या तर टाळा. पावसाळ्यातल्या रात्री रस्त्यात बसलेल्या गुरांमुळेही हेच लागू आहे. ओल्या डांबरावर काळी म्हैस दिव्याच्या उजेडातसुद्धा शेवटच्या क्षणी दिसते.

आता त्या कारवाल्याबद्दल. राग येणं मी समजू शकतो. मागून कुणी भोंगा वाजवत डोक्यावर बसला की अंगाचा तिळपापड होतो. पण मुद्दाम ब्रेक मारणं पुन्हा कधीही करू नका, हे मी कळकळीने सांगतो. त्याचं लक्ष त्या क्षणी रस्त्यावर असतं तरी त्याच्याकडे अंतर नव्हतं. तो आदळला असता तर चूक त्याची ठरली असती आणि आडव्या पडल्या असत्या तुम्ही. चिकटून येणाऱ्याला वाट द्यायची. डावा इंडिकेटर, हळूहळू वेग कमी, शक्य तिथे बाजूला, आणि जाऊ द्यायचं. लगेच जागा नसेल तर पुढच्या गाडीपासूनचं अंतर वाढवा, म्हणजे पुढे काही झालं तरी तुम्हाला जोरात ब्रेक मारावा लागणार नाही आणि तो तुमच्यावर येणार नाही. त्याला जाऊ देण्यात तुमची मान खाली जात नाही.

कुणी गाडी आडवी घातलीच, तर उतरू नका, हेल्मेट काढू नका, बोलू नका. जवळच्या दुकानाशी, पेट्रोल पंपाशी, जिथे माणसं आहेत तिथे जाऊन थांबा आणि ११२ ला फोन करा. त्याच्या गाडीचा नंबर लक्षात ठेवा, मागे लागू नका. अशा वेळी घरी येऊन रागाने परत निघणं हेही धोक्याचं. पाच मिनिटं बसा, पाणी प्या, मग निघा.

उजवीकडचं वळण. तुमच्या पत्रातली ही ओळ मला सगळ्यात जास्त खटकली, कारण जीप एकदा आली पण ते वळण रोजचं आहे. हायवेच्या मधोमध इंडिकेटर देऊन, पाठ मागच्या वाहतुकीकडे करून उभं राहणं ही दुचाकीवाल्यासाठी फार वाईट जागा. समोरून येणाऱ्यांमुळे वळता येत नाही आणि मागून येणारा तुम्हाला उजवीकडून ओव्हरटेक करू बघतो. तिथे उभं राहूच नका. वळणाच्या आधीच आरशात बघून डावीकडे या, रस्त्याच्या कडेला पूर्ण थांबा, दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या की मग सरळ काटकोनात रस्ता ओलांडा. एखादं मिनिट जास्त जाईल. कधी तीन मिनिटं जातील. मागचे हॉर्न वाजवणार नाहीत, कारण तुम्ही त्यांच्या वाटेतच नाही. तिथे डावीकडे थांबायला जागा नसेल तर पुढे जाऊन, जिथे जागा असेल तिथून वळून परत या.

मुलाबद्दल मी कठोर लिहिणार आहे, राग मानू नका. पुढे उभं करणं आजपासून बंद. अचानक ब्रेक लागला की तो हँडलवर आणि त्याच्यावर तुम्ही आदळता. शिवाय तो हँडल पकडतो, तेव्हा गाडी खरं तर दोघं चालवत असता. आठ वर्षांच्या मुलाला कायद्यानेही हेल्मेट सक्तीचं आहे, चार वर्षांवरील प्रत्येकाला आहे, मागे बसणाऱ्यालाही. त्याच्या डोक्याच्या मापाचं, आयएसआय खुणेचं घ्या, बाबाचं सैल हेल्मेट नको. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील एवढंच सैल. पाय पायदानावर पोचत असतील तरच मागे बसवा, आणि दप्तर त्याच्या पाठीवर नको, तुमच्या पायाशी ठेवा. आणि पावसाळ्यात मागे बसणाऱ्याच्या हातात छत्री कधीच नको. वाऱ्याने ती उलटली की दोघांचाही तोल जातो. रेनकोट घेताना काळा-निळा घेऊ नका, पिवळा किंवा नारिंगी घ्या, आणि त्याची टोपी हेल्मेटच्या आत घालू नका, बाजूचं दिसेनासं होतं.

सासूबाईंच्या ‘सोड ती नोकरी’मागेही काळजीच आहे. त्यांना सांगा की नोकरी सोडायची नाही, पण जोराचा पाऊस असेल, ताप असेल, रात्रभर झोप झालेली नसेल, तेव्हा स्कूटर घरी राहील आणि तुम्ही कदंबच्या सरकारी बसने जाल. हा माघार घेण्याचा प्रकार नाही. कुठल्या दिवशी चालवू नये हे ठरवणं चालवण्याचाच भाग आहे. पंधरा-वीस दिवस एकाच वेळी, एकाच रस्त्याने, थोडं लवकर निघून चालवा. घाई नसली की निम्मे धोके आपोआप टळतात, कारण बेफाम माणसाला वाट देणं तेव्हा जड जात नाही.

तुमच्यासमोर कुठे अपघात झाला तर १०८ ला फोन करा. जखमीला मदत करणाऱ्याला आता कायद्याचं संरक्षण आहे, नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. जखमीचं हेल्मेट ओढून काढू नका, श्वास अडत नसेल तर. मानेला इजा असू शकते. गंभीर रुग्ण बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात नेतात, पण कुणाला कुठे न्यायचं ते रुग्णवाहिकेतली माणसं ठरवतात, आपण नाही.

आणि एक शेवटचं काम तुमच्या हातातलं. ज्या वळणावर तुमचा जीव मुठीत असतो तिथे कुंपणाचं झाड वाढून समोरचं दिसत नसेल, दिवा लागत नसेल किंवा बहिर्गोल आरसा नसेल, तर ग्रामसभेत लेखी अर्ज द्या. दिवसाचा आणि रात्रीचा, असे दोन फोटो जोडा, कुठल्या वेळी अडचण होते ते लिहा, आणि त्याच वळणावरून जाणाऱ्या चार-पाच घरांच्या सह्या घ्या. अर्जाची पोच मात्र शिक्क्यासह घेऊन ठेवा.